म्हसोबापाशची माती

निफाड तालुका,
९ एप्रिल २०२४

गणूभाऊंना शशिकलाचा नमस्कार.

तेरा वर्षांनी लिहितेय, तेव्हा आधी ओळख देते. मी द्राक्षाच्या मळ्यातली शशिकला. तुमची सुकी मासळी खत म्हणून आमच्या बागेत एकवीस वर्षं पडली. तुम्ही पोती पाठवायचात, मी पोचल्याचं पोस्टकार्ड टाकायची आणि त्यातच वासावरून तुमच्याशी भांडायची. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवरचं ऐकू येत नाही असं कळलं. आणि जे विचारायचंय ते मध्ये कुणाला तुमच्या कानात ओरडायला लावावं, असं नाही.

विहिरीजवळचा एकराचा प्लॉट तुम्हाला आठवत असेल. नव्वद सालची लागवड, चौतीस वर्षं झाली. गेली सहा-सात वर्षं त्याचं काही खरं नाही. पानं पिवळी पडून कडेनं करपतात. घड सुटतात, पण मणी फुगत नाहीत. पाणी दिलं तर वरच उभं राहतं आणि वाळलं की जमीन फरशीसारखी होते. बाकीच्या प्लॉटची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकली, याची केलीच नाही. सत्यजीत, माझा मुलगा, म्हणतो की जूनमध्ये जेसीबी लावून काढून टाकू. काढायला माझी ना नाही, वेलसुद्धा थकतो. पण तो गावभर सांगत फिरतो की जमीन चोपण झाली, मिठानं मेली, ती कोळ्याच्या खारट मासळीमुळे.

तुम्ही मला भावाच्या जागी. भावाबद्दल असं ऐकून गप्प बसवत नाही, आणि पोराला उलट उत्तर द्यायला माझ्याकडे काही नाही. म्हणून सरळ विचारते. पोत्यांत मीठ होतं का? होतं तर होतं म्हणा. मी रागावणार नाही.

तुमची,
शशिकला

*

करंजा,
२१ एप्रिल २०२४

आदरणीय शशीआत्या,

मी भावना, गणूंची नात. तुम्हाला काय म्हणावं ते ठरेना. बाबा तुमचा उल्लेख शशीआत्या असा करायचे, म्हणून मीही तसंच लिहिते. चुकत असेल तर सांगा.

तुमचं पत्र मी आजोबांच्या उजव्या कानाशी दोनदा वाचलं. आधी ते हसले. म्हणाले, "शशी अजून जित्ती हाय का? मंग भांडान होनार." मग मिठाचं वाक्य आलं तसे गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सांग तिला, खताच्या मासलीला कोली मीठ लावत नाय. मीठ का फुकट येतं?" हे त्यांचं उत्तर, जसंच्या तसं.

पण मला त्यावर थांबता येईना. मी पनवेलला माती आणि पाणी तपासण्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते, कामोठ्याला खोली घेऊन राहते आणि रविवारी करंजाला येते. आमच्याकडे येते ती बहुतेक इमारतींच्या पायाची माती आणि सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी. शेताची माती क्वचित, आणि चौतीस वर्षं एकच पीक घेतलेली माती मी पाहिलेलीच नाही. खरं सांगायचं तर तुमचं पत्र वाचताना आजोबांची काळजी वाटत होती तेव्हाच दुसरीकडे उत्सुकताही वाटत होती, आणि त्याची मला थोडी लाज वाटली. दर वर्षी द्राक्ष बाहेर जातं. पण खत, मोरचूद, पाणी असं जे जे आपण देतो ते सगळं वेल घेत नाही. उरलेलं कुठं बसतं? किती खोल? वेलाखाली एक आणि दोन ओळींमधल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर दुसरंच, असं असतं का?

तुमची हरकत नसेल तर चार नमुने पाठवा. प्रत्येकी अर्धा किलो, स्वच्छ कापडी पिशवीत. खताच्या गोणीत अजिबात नको.

प्लॉटमध्ये वेलाखाली, ड्रिपच्या थेंबापासून वीतभर बाजूला, वरचा पाला सारून एक. त्याच खड्ड्यात हातभर खाली दुसरा. ट्रॅक्टरच्या वाटेवरचा तिसरा. आणि चौथा तुमच्याच शिवारातला, पण जिथं द्राक्ष कधीच लावली नव्हती अशा जागेचा. त्या मातीशी ताडून पाहिलं म्हणजे द्राक्षांनी काय बदललं ते कळेल. प्रत्येक ठिकाणी आठ-दहा जागची माती एकत्र करा, तिचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असंच करत राहा.

आणखी एक. पिशव्यांवर फक्त अ, आ, इ, ई लिहा. कुठली पिशवी कुठली ते बंद पाकिटात घाला. मी आरोपीची नात आहे. आकडे हातात येईपर्यंत मला माहीत नसलेलंच बरं.

जाता जाता एक सांगते. लहानपणी मला दम लागायचा, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आजोबांनीच घरी शिकवलं, आणि घरात वाचायला होती ती तुमची पोस्टकार्डं. मी वाचलेला पहिला जोडाक्षरी शब्द 'द्राक्ष'. त्यासाठी आठवडा लागला.

तुमची,
भावना

*

निफाड तालुका,
३० एप्रिल २०२४

चि. भावनास आशीर्वाद.

आत्याच म्हण. माझी पोस्टकार्डं कुणी शाळेसारखी वाचली असतील हे माहीत असतं तर अक्षर बरं काढलं असतं.

माती पाठवतेय. तुझी ती चार भागांची भानगड सत्यजीतला पटेना. "निम्मी टाकायची तर खणायची कशाला?" म्हणत होता. मी म्हटलं, तू निर्यातीची द्राक्षं निवडताना निम्मी बाजूला टाकतोस, तेव्हा मी विचारते का? मग खणली मुकाट.

वेलाखाली कुदळ गेली. ट्रॅक्टरच्या वाटेवर मात्र टिकाव लागला, आणि तोही टणकन वाजला. चौतीस वर्षांत फवारणीसाठी त्या वाटेनं किती फेऱ्या झाल्या असतील, तुझं तूच मोज. वरच्या थरात कुठंकुठं निळसर झाक दिसली, ती मोरचुदाची असावी. करपा-केवडा या रोगांसाठी मोरचूद नि चुन्याचं बोर्डो आम्ही किती मारलंय, त्याला हिशेब नाही. गांडूळ एकही दिसलं नाही. तुझ्या पत्रामुळे मी पहिल्यांदा शोधलं, आणि नाही म्हटल्यावर वाईट वाटलं.

खरी पंचाईत झाली चौथ्या पिशवीची. आमच्या शिवारात द्राक्ष नाही अशी जागा उरलीय कुठं? अर्धा दिवस फिरलो. शेवटी एक कोपरा सापडला, जिथं नांगरही लागलेला नाही. पाकिटात लिहिलंय.

भाऊ जेवतात ना नीट? पत्रात तू त्यांचं एकच वाक्य लिहिलंस. एका वाक्यावर थांबणारा माणूस नव्हता तो.

शशीआत्या

*

कामोठे,
१९ मे २०२४

आदरणीय शशीआत्या,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

तपासण्या मी आणि नशरा मॅडमनी मिळून केल्या. त्या माझ्या वरिष्ठ आहेत. मी प्रत्येक वजन दोनदा घेत होते तर म्हणाल्या, "भावना, माती आहे ती, अत्तर नाही. टाक पटकन." आकडे लिहून झाल्यावर पाकीट त्यांनीच फोडलं. 'ई' पुढं तुम्ही लिहिलं होतं: 'म्हसोबापाशी, बांधाचा कोपरा. द्राक्ष कधी नव्हती.'

प्लॉटची माती अशी निघाली. मोरचुदातलं तांबं म्हसोबापाशच्या मातीपेक्षा पंधरापट, आणि जवळजवळ सगळं वरच्या वीतभरात. ते पावसानं खाली जात नाही, पडलं तिथंच बसतं. पालाश भरपूर, स्फुरदही भरपूर. म्हणजे ही जमीन उपाशी नाही, उलट तिचं पोट फुगलंय. सेंद्रिय भाग मात्र म्हसोबापाशच्या मातीच्या निम्माच. आणि सोडियम, ज्यामुळे माती चोपण होते, तो चौपट. वर आहे तसाच हातभर खालीही.

आता मला पुढचं लिहायचंय. म्हसोबापाशची माती म्हणजे तुमच्या जमिनीचं मूळ रूप, असं धरलं तर इतका सोडियम बाहेरून आलाय. पहिल्या पत्रात आजोबांचं उत्तर लिहिताना ते बराच वेळ गप्प होते हे मी लिहिलं, पण त्या गप्प राहण्याचा मला संशय आला होता ते लिहिलं नाही. ती माझी लबाडी. आकडे आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. ते जाळं विणत होते, ते खाली ठेवलं. म्हणाले, "एक वर्स झालता." अठरा वर्षांपूर्वी मे महिन्यात अवकाळी पाऊस आला आणि खाण्यासाठी मीठ लावून ठेवलेली मासळी भिजून खराब झाली. टाकवेना, म्हणून त्यांनी ती नऊ पोती खतात भरली आणि तुम्हाला पाठवली. तेव्हापासून कुणाला बोलले नव्हते. मी म्हटलं, हे आत्याला लिहू का? तर म्हणाले, "लिव. मी मेल्यावर कलन्यापरीस जित्तेपनी कललेला बरा."

नऊ पोत्यांनी एवढं होतं का, मला माहीत नाही. पण खताची मासळी करंजाला वाळूवर पसरून वाळवायचे, ती समुद्राच्याच पाण्याची. थोडं मीठ तिच्यात दर वर्षी असणारच. त्यामुळे सत्यजीतदादा म्हणतात ते चूक आहे असं मला म्हणता येत नाही. मला क्षमा करा. आजोबांनाही.

नशरा मॅडम म्हणाल्या होत्या, "पाठवू नकोस अजून. नुसत्या पडीक मातीत एवढा स्फुरद? आधी विचार, मग लिही." पण मला वाटलं, मी थांबले तर ते आजोबांना वाचवण्यासाठी थांबल्यासारखं होईल. म्हणून पाठवतेय.

त्यांच्या समाधानासाठी नोंदवते. 'ई' पिशवीत तांदळाएवढे पांढरे गुळगुळीत खडे बरेच होते. ॲसिडचा थेंब टाकल्यावर फसफसले, तेव्हा मी वहीत 'चुनखडी' लिहिलं आणि चाळून बाजूला ठेवले.

तुमची,
भावना

*

निफाड तालुका,
२९ मे २०२४

चि. भावनास आशीर्वाद.

तुझं पत्र आठवडाभर उशीखाली होतं. सत्यजीतला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं, माझीही एका गोष्टीतून सुटका झाली असती, आणि एक म्हातारा माणूस उरलेलं आयुष्य मान खाली घालून बसला असता. मला हे जमतंय का ते आठवडाभर बघितलं. जमत नाही.

तेव्हा ऐक. तू मागितलीस ती द्राक्ष कधी नव्हती अशा जागेची माती. ती मी दिली. मासळी कधी पडली नव्हती अशी जागा तू मागितलीच नाहीस.

आमच्याकडे मासळीची गाडी यायची तेव्हा पहिली पाटी म्हसोबाची. आम्ही माळकरी, घरात मासा शिजत नाही. पण म्हसोबाला सामिष लागतं, आणि शेतात मासळी येणार तर आधी त्याला दिल्याशिवाय सासूबाई एक मूठ बागेत टाकू द्यायच्या नाहीत. शेंदरी दगडापुढं पाटी ओतायची, वर दोन पाट्या माती लोटायची, की झालं. एकवीस वर्षं. त्यात तुमच्या त्या नऊ पोत्यांचीही पाटी असेलच. त्या हातभर जागेइतकी मासळी माझ्या अख्ख्या शिवारात कुठं पडली नाही. आणि तू त्या मातीला मूळ रूप म्हणून बसलीस.

मला शास्त्र कळत नाही. पण मासळीनंच मीठ होत असेल तर सगळ्यात जास्त मीठ म्हसोबापाशी नको का?

आता माझं. २००९पर्यंत विहिरीचा प्लॉट पाटाच्या पाण्यावर होता. पाट कधी यायचा, कधी नाही. मी ह्यांच्या मागं लागून बोअर घ्यायला लावली. हे म्हणाले, "आधी पाण्याची चव बघू, मग नळी जोडू." मी म्हटलं, वेलाला कुठं जीभ असते? पाणी मचूळ निघालं. ते आम्ही एक दिवसही प्यायला घेतलं नाही. ड्रिपच्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरे थर धरायचे, ते मी टाचणीनं काढत बसायची. पंधरा वर्षं तेच पाणी देतोय. हे गेले २०१५ साली, त्यावरून मला कधी बोलले नाहीत. म्हणून मला ते जास्त लागतं.

भाऊंना पत्र लिहिलं तेव्हा मला वाटत होतं की दोष मासळीचा निघावा. पण तू नऊ पोती लिहिलीस तेव्हा मला हे लिहिणं भाग आहे.

सोबत बाटली पाठवतेय, बोअरच्या पाण्याची. जेसीबी दहा जूनला येतोय. प्लॉट निघेल तो निघेल, पण सत्यजीतला सांगायला मला आकडा पाहिजे.

शशीआत्या

*

करंजा,
९ जून २०२४

आदरणीय शशीआत्या,

हे पत्र जेसीबीनंतर पोचेल, म्हणून निष्कर्ष तुमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर काल निरोपानं कळवला. सविस्तर इथं लिहिते, कारण तुम्ही मला सविस्तर लिहिलंत.

तुमचं पत्र वाचून मी आधी पाणी घेतलं. त्यात सोडियम तर आहेच, शिवाय बायकार्बोनेट खूप आहे. असं पाणी मातीतल्या कॅल्शियमला धरून त्याचा दगड करतं. तुम्ही टाचणीनं काढायचात तो थर म्हणजे तेच. कॅल्शियम दगड होऊन बसला की मातीच्या कणांना धरून ठेवायला सोडियमच उरतो, आणि तो त्यांना नीट धरत नाही. माती विस्कटते, चिकट होते, पाणी उभं राहतं. नऊ पोत्यांत फार तर दोन मण मीठ असेल. बोअरनं एका उन्हाळ्यात ह्या एकरात त्याच्या साधारण वीसपट क्षार ओतलेत. मी ते तीनदा मांडून पाहिलं आणि चौथ्यांदा नशरा मॅडमकडून तपासून घेतलं.

मग ते खडे. नमुना प्रयोगशाळेबाहेर न्यायचा नाही असा नियम आहे, म्हणून मी ती माती आजोबांना कधी दाखवलीच नव्हती. नशरा मॅडमनी डबी माझ्या हातात कोंबली. "तपासणी झाली, अहवाल झाला, आता ही कचऱ्यात जाणार आहे. त्याआधी तुझ्या आजोबांना दाखव. अल्लाह, किती नियम पाळशील?"

मी ताटलीत खडे ओतले. आजोबांनी एक उचलला, नखानं खरवडला, उजेडात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांची नातच नव्हे.

"याला तू काय लिवलास?"

"चुनखडी."

"कोल्याची पोर ना तू? ढोमीच्या डोक्यातला खडा हाय तो. कानामागचा. मासा कुजतो, काटा कुजतो, ह्यो कुजत नाय."

आत्या, लहानपणी ढोमी साफ करताना आई ते खडे मला खेळायला द्यायची. मी त्यांनी एकी-बेकी खेळलेय. आणि ॲसिडमध्ये फसफसला म्हणून मी त्याच खड्याला चुनखडी म्हटलं. फसफसणारच, तोही चुन्याचाच असतो. पण मी हातात घेऊन पाहिलं नाही. आकडे यायच्या आधी काही ओळखायचं नाही, असं मी ठरवून बसले होते.

मग त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मी नको नको म्हणेपर्यंत गिळलीसुद्धा. म्हणाले, "गोड हाय." आणि नंतर कितीतरी वेळ तो एक खडा मुठीत धरून ओट्यावर बसले. मी चहा नेला तर म्हणाले, "भरपूर साकर टाक." महिनाभरात त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं.

तर म्हसोबापाशची माती मूळ रूप नाही. पण तिनं दुसरंच सांगितलं. तिथं वर्षानुवर्षं फक्त मासळी आणि पाऊस. बोअर नाही, मोरचूद नाही, ट्रॅक्टर नाही. मीठ पडलं असेल ते पावसानं धुऊन खाली गेलं. उरलाय तो स्फुरद, कुजलेलं काळं सत्त्व आणि हे खडे. मला असा नमुना मागायचं सुचलं नसतं.

तरी मासळी सर्वस्वी निर्दोष आहे असं मी लिहिणार नाही. प्लॉटमधल्या जादा स्फुरदात तिचा वाटा आहे, आणि त्या स्फुरदामुळे वेलाला जस्त नि लोह घेता येत नाही. पानं पिवळी पडतात त्यात तेही असेल. मीठ मात्र मासळीचं नाही.

आणि बोअरबद्दल. तुमचं वाक्य मी आजोबांना वाचून दाखवावं की नाही ते कळेना, शेवटी दाखवलं. ते म्हणाले, "तिला लिव, पान्याची चव माज्याकडून बघून घ्यायची व्हती. आमी रोज खारा पितो." हा विनोद आहे की समजूत, मला कळलं नाही. जसं बोलले तसं लिहिलं.

तुमची,
भावना

*

निफाड तालुका,
३० जून २०२४

चि. भावनास आशीर्वाद.

प्लॉट गेला. दहालाच. खोडं उपटताना आवाज कसा होतो ते तुला सांगत नाही. म्हसोबाकडची एक ओळ सत्यजीतनं ठेवली. मी का म्हणून विचारलं नाही.

निरोप आला त्या दिवशी मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. आधी बोअरचं, मग बाकीचं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे तूच." मी म्हटलं, हो, मीच. उठून गेला. मला वाटलं, आता बरेच दिवस बोलत नाही. संध्याकाळी खुरपं घेऊन म्हसोबापाशी बसलेला दिसला. खाली उकरत होता. परत आला तेव्हा हातात मूठभर पांढरे खडे, आणि दुसऱ्या हातात एक गांडूळ, हे एवढं लांब. म्हणाला, "आई, इथं माती हातानं उकरता येते." आणि ते गांडूळ बघ बघ करत मला शिवारभर फिरवलं.

मग गावातही गेला. ज्यांच्यापुढं मासळीला नावं ठेवली होती त्यांच्यापुढं ते खडे ठेवले. कुणीतरी म्हणालं, मग चूक कुणाची? तर म्हणाला, "आमच्या पाण्याची." आमच्या म्हणाला, आईच्या नाही म्हणाला.

बोअर बंद केली. शेततळ्यात पावसाचं पाणी धरायचं ठरलंय. जिप्सम टाकून ताग पेरलाय, फुलावर आला की गाडायचा. नांगरट खोल केली. नवी लागवड मीठ सोसणाऱ्या खुंटावर, येत्या फेब्रुवारीत. तू लिहिलंस त्यावरून स्फुरदाचं खत काही वर्षं द्यायचं नाही, मासळीही नाही. जमिनीचं पोट आधी उतरू दे.

पण लागवडीआधी म्हसोबाची पाटी लागेल. तेरा वर्षं त्याला काही मिळालेलं नाही. बागेसाठी नको, फक्त त्याच्यापुरती. सत्यजीत म्हणतो, तो स्वतः करंजाला येऊन घेऊन जाईल. तुझ्या आजोबांच्या पायाशी बसायला त्याला निमित्त पाहिजे, मी समजले. तू समजल्याचं दाखवू नकोस.

शशीआत्या

*

(पोस्टकार्ड, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात)

करंजा,
२ फेब्रुवारी २०२५

शशीस,

सत्यजीत आला. पोरगा बरा हाय, तुज्यासारका भांडत नाय. एक पाटी मासली त्याच्याकडं दिली. ढोमी जास्त घातली हाय, खडं बगाया बरं. वालूवर नाय, जाल्यावर सुकवली. आदी गोड्या पान्यानी तीनदा धुतली. मीठ हाय का ते भावनानी चाखून बगितला. वहीत लिवला बी हाय. नाय.

गणू